खडूचे नंबर

"काका, तुमी फक्त ठिणग्या उडवा. प्लेट मी बदलून देतो."

एवढं कानात सांगून अंकुश बाजूला झाला आणि पंगतीत वाढप्याची वाट पाहणाऱ्या माणसासारखं भोळं तोंड करून उभा राहिला. हिंगण्याच्या त्या वेल्डिंग शेडमध्ये या भोळ्या तोंडाला सगळे टरकून असत. मागच्याच आठवड्यात त्यानं सुपरवायझरचा जेवणाचा डबा लोखंडी टेबलाला वेल्ड करून ठेवला होता.

वामनरावांना मात्र आज हसू येईना. त्यांचा डावा हात लटपटत होता, आणि रॉडचा होल्डर धरायचा तो हाच हात. याच हातानं त्यांनी गेटं जोडली, टाक्या जोडल्या, ट्रकांच्या मोडक्या चेसिस जोडल्या. कुणी तक्रार केली नाही. पण आता शेडला फौजेच्या गाड्यांचं काम मिळालं होतं. फौजेचा नियम साफ. परीक्षकासमोर दोन लोखंडी तुकडे जोडून प्लेट करा, पास व्हा, मगच गाडीला हात लावा. दोनदा नापास झाला त्यानं कायमचं घरी बसायचं, असं शेठनं तोंडावर सांगून टाकलं होतं. आणि कुणी टक लावून पाहायला लागलं की वामनरावांच्या हाताचं पिंपळपान व्हायचं. मागची परीक्षा त्यातच गेली. ही शेवटची.

"अन् तू गा?" ते पुटपुटले. "तू नापास होशीन ना!"

"मी पुढच्या बारीले देतो. माहा हात लटपटत नाही अन् मले लाजही वाटत नाही."

"परीक्षेवाल्या मॅडमनं धरलं तर?"

"नंबर खडूचे हायेत. मॅडम चहाले गेल्या का तुमचा माह्या प्लेटवर, माहा तुमच्या. काहून टेन्शन घेऊन राहिले?"

नको म्हणायचं होतं, पण वामनरावांची मान हलून गेली. त्यांनी हेल्मेटची काच खाली ओढली. परीक्षक दीप्ती मॅडम खुर्ची ओढून अगदी जवळ येऊन बसल्या. बसू दे. ही प्लेट आता आपली नाहीच. आपली नाही तर भ्यायचं कशाला? त्यांनी रॉड टेकवला. ठिणगी पडली, लोखंड वितळलं आणि दुधावर साय धरावी तशी मधली फट भरत गेली. मधेच ते गुणगुणलेसुद्धा. शेजारच्या खणात अंकुश घडीघडी काम थांबवायचा, काच वर करून त्यांच्याकडे डोकवायचा.

मॅडम चहाला गेल्या. अंकुश प्लेटांवर वाकलेला दिसला तसं वामनरावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुपारी प्लेटांच्या पट्ट्या कापल्या. पट्टी प्रेसमध्ये घालायची, घोड्याच्या नालासारखी वाकवायची, जोड उलला तर नापास. वामनरावांच्या नंबरची पट्टी वाकली. मॅडमनी भिंग लावून पाहिलं. केसाएवढीही चीर नाही. "पास."

अंकुशच्या नंबरची पट्टी अर्ध्यातच उन्हाळ्यातल्या काळ्या मातीसारखी उलली. "नापास."

"काय बे अंकुश!" मागून कुणी ओरडलं. "डबे चिकटवता येते, प्लेट नाही का?" सगळी शेड हसली.

वामनराव तेवढे हसले नाहीत. ती फाटकी पट्टी आपली. दोन लेकरांचा बाप आपल्यापायी पुढच्या परीक्षेपर्यंत बिनकामाचा बसणार. आणि आपण? असल्या हातानं फौजेच्या गाडीला टाके मारणार? त्या गाडीत कुणाचा तरी लेक बसलेला असेल.

"मॅडम." ते उभे राहिले. "पास झाली ती प्लेट अंकुशची होय. फुटली ती माही. नंबर बदलले आमी. त्याले पास करा."

प्रेसवाल्यानं मशीन बंद केली. मॅडमनी चष्मा काढला.

"अंकुश, खरं आहे का हे? खरं असेल तर पास तुम्ही, वामनराव बाद."

अंकुशनं फक्त 'हो' म्हणायचं होतं. वामनरावांनी त्याला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा, म्हण गा, हो म्हण. पण अंकुश उलल्या पट्टीकडे पाहत राहिला. मग गेला, पास झालेल्या प्लेटचा कापून उरलेला तुकडा उचलला आणि मॅडमच्या हातावर ठेवला.

"या जोडावरच्या लहरी पाहा, मॅडम. उजवीकडून डावीकडे गेल्या हायेत. डावऱ्याचं काम होय हे. अन् आपल्या शेडमंदी डावरा एकच."

वामनरावांना काही समजेना. "मंग तू नंबर..."

"खडूले हातही नाही लावला म्या. तुमच्याकडे पाहता पाहता माहाच जोड कच्चा राह्यला. खोटं तेवढं माहं होतं, काका. वेल्डिंग तुमचंच होय."