चढावरचं वजन

"आता नाई उडत साली गाडी," ट्रकखालून बाहेर येत ड्रायव्हर इस्तारी म्हणाला. कोपरापर्यंत हात काळे झाले होते.

लढाईतून उरलेला तो ट्रक ठेकेदारानं चांद्याहून आणला होता. लाकूड भरून अहेरीच्या डेपोकडं उतरताना तो गरीब गायीसारखा चाले. पण सकाळी रिकामा चढाला लागला की मागची चाकं थडाथड उड्या मारत. जोर पडला की चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पिळवटत, सुटत, पुन्हा पिळवटत. मुनीम भैयाजीनं त्यावर फुकटचा उपाय काढला होता. जंगलात लाकडांच्या साली सोलायला जाणाऱ्या बायांना तो ट्रकमध्ये मागं, बरोब्बर चाकांच्या वर बसवी. त्या वजनानं ट्रक कसाबसा चढे. बाया कठडा धरून, दात आवळून बसत. मागल्या आठवड्यात सुकरी उसळून खाली पडली, हात मोडला. त्याच बायांत इस्तारीची बायको गिरजा होती. सातवा महिना लागला होता तिला.

म्हणून त्यानं लोहाराकडून दोन जाड दांडे ठोकून आणले. एक टोक मागच्या एक्सलला बोल्टनं जोडलं, दुसरं वरच्या चौकटीला. पाट्यांचा पुढचा भाग पट्ट्यांनी करकचून आवळला. पिळायला जागाच ठेवली नाही. रिकामा ट्रक सरसर चढून गेला. भैयाजीनं त्याची पाठ थोपटली.

दुसऱ्या सकाळी बाया ट्रकमध्ये चढू लागल्या.

"उतरा," भैयाजी म्हणाला. "आता वजन कशाले पायजे? फुकट पेट्रोल खाते."

"भैयाजी, तीन कोस हाये. त्यात पोटुशी बाई हाये," इस्तारी म्हणाला.

"पाय दिले ना देवानं?"

बाया पायी जाऊ लागल्या. उशीर झाला म्हणून भैयाजी त्यांची दुपारची भाकर बंद करी. "तुह्याच नवऱ्यानं केलं ना हे?" एवढं विचारून बायांनी गिरजाशी बोलणं टाकलं. ती इस्तारीला काही म्हणाली नाही. संध्याकाळी चुलीपाशी पाय पसरून बसली, तेव्हा ते सुजलेले पाय त्यानंच पाहिले.

उजाडता उजाडता तो ट्रकखाली शिरला. एकेक बोल्ट ढिला केला. दांडे जागच्या जागी दिसत होते, पण पकड गेली होती.

चढाच्या सुरुवातीलाच चाकं थडथडली. ट्रक मागं घसरला. केबिनमध्ये भैयाजीचं डोकं टपाला आदळलं. शिव्या देत तो खाली उतरला. मागून चालत आलेल्या बायांना त्यानं हात केला. "चढा, चढा लवकर!"

बाया खिदळत चढल्या. इस्तारी गिरजाच्या कानाशी लागला. "पुढं बसजो. केबिनले चिकटून. मागं जाऊ नको."

भैयाजीनं बायांवरून नजर फिरवली. "इस्तारीची बाई कुठी हाये? तू इकडं ये. बरोब्बर चाकावर. तुह्यात दोघाइचं वजन हाये."

बायांनीच हसत हसत तिला मागं ढकललं.

इस्तारीनं तोंड उघडलं. बोल्टचं सांगावं, तर भैयाजी ते आवळून घेणार, सगळ्या पुन्हा खाली उतरणार, आणि तीही. तो केबिनमध्ये जाऊन बसला.

"काऊन थांबला? चाल!" शेजारी बसत भैयाजी खेकसला.

इस्तारीनं गिअर टाकला. मागच्या जाळीतून त्यानं पाहिलं. गिरजा दोन्ही हातांनी कठडा धरून बसली होती. त्याच्याकडं पाहून ती हसली. आज तिला चालायचं नव्हतं.