दोन बोटं

बाबा गेल्यानंतरचा चाळिसावा दिवसही झाला नव्हता आणि माझा भाऊ वजदी त्यांच्या अलेक्झांड्रियातल्या स्टुडिओतला कॅमेरा विकायला निघाला होता.

"बस स्टुलावर, ताई. घेणाऱ्याला चालू करून दाखवायचाय." त्यानं कॅमेरा केबलनं कॉम्प्युटरला जोडला.

"कबरीवरची माती तरी वाळू दे रे."

"तोवर भाव पडेल. जरा हस."

मी संतापानं मान खाली घातली. त्यानं कॉम्प्युटरवरूनच फोटो काढला. पडद्यावर माझी मान वर होती.

"बघ, फोटोपुरता राग गेला."

"मी हललेसुद्धा नाही."

त्यानं पुन्हा काढला. या वेळी माझ्या हनुवटीखाली दोन बोटं दिसली. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, बाबा दोन बोटांनी त्याची हनुवटी उचलल्याशिवाय फोटो काढत नसत.

"केबल खराब आहे," माझी नजर चुकवत वजदी म्हणाला आणि त्यानं ती उपसली.

केबल त्याच्या हातात लोंबत असताना पडद्यावर आणखी एक फोटो आला. त्यात कॉम्प्युटरपुढे मान खाली घालून बसलेला वजदी होता, आणि ती बोटं त्याच्या हनुवटीला टेकली होती.

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याची मान सावकाश वर होत होती.