मागचा बाक

कबालेच्या डोंगरातल्या चर्चमध्ये, भर रविवारी ब्यामुकामा उठला आणि रडत रडत म्हणाला, "निन्सीमाच्या पोटात वाढतंय ते माझं पाप आहे." एक पापी पालटला की स्वर्गात आनंद होतो म्हणतात, इथं तर खालीच जत्रा भरली. ढोल वाजले, गाणी झाली, लोकांनी त्याला मिठ्या मारल्या. आपण कसे पालटलो याची साक्ष द्यायला आजूबाजूच्या गावांतूनही त्याला बोलावणी येऊ लागली.

मिठी मारली नाही ती फक्त त्याच्या बायकोनं, कोमुहांगीनं.

चर्चचे पाळक घरी आले. ती केळी सोलत बसली होती, तशीच बसून राहिली.

"अगं, प्रत्यक्ष देवानं माफ केलं त्याला. तू कोण लागून गेलीस?"

"देवाला कुठं त्याच्याबरोबर नांदायचंय, पाळकसाहेब?"

एवढं बोलणं पुरलं. क्षमा न करणं हेही पापच. ती नवऱ्याला माफ करेपर्यंत तिला प्रभुभोजन बंद झालं, आणि जागा ठरली मागच्या बाकावर, जिथं पापी बसवतात तिथं.

पुढच्या रविवारी ब्यामुकामा पुढं उभा राहून कृपेवर बोलत होता. सगळ्यांच्या नजरा चुकवत कोमुहांगी मागच्या बाकापाशी गेली. तिथं एकच बाई बसली होती. पोट सावरत ती जरा सरकली.

"बस ताई," निन्सीमा म्हणाली. "मला वाटलं होतं, इथं तो येऊन बसेल."