झाकण

औरादकडच्या आमच्या गावाशेजारी दारूचा कारखाना होता. त्याचं काळं सांडपाणी उघड्या खड्ड्यात कुजायचं आणि असा वास सुटायचा, की पाहुणे नाकाला रुमाल लावून चहा प्यायचे आणि दुपारच्या एस.टी.नं परत जायचे.

नरहरराव मास्तरांनी आठ वर्षांत कारखान्याला अकरा अर्ज केले. प्रत्येकात तेच. "जपानात पोलादाच्या भट्टीतल्या गॅसवर वीज करायलेत, जर्मनीत सांडपाण्याच्या गॅसवर दिवे लावायलेत, अन् आम्ही नुसतं नाक दाबून बसायचं कामून?"

शेवटी अठ्ठ्याऐंशी साली कारखान्यानं खड्ड्यावर झाकण बसवलं. झाकणाखाली कोंडलेल्या गॅसवर इंजिन चाललं, उरलेली वीज गावाला मिळाली, वास गेला. गावानं मास्तरांना हार घातला आणि पहिला पंखा त्यांच्याच घरी फिरला.

मे महिन्यात उदगीरहून मास्तरांची बहीण इंदुताई माहेरपणाला आली. सोबत नवरा, सासू आणि पाच पोरं.

पंख्याखाली पाय पसरून ती म्हणाली, "दादा, काय गार वारं लागायलंय! शाळा उघडूस्तोवर आता हलत न्हाई बघ."

आत मास्तरांची बायको अनसूया चाळिसावी भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या मॅनेजरला त्याच घरातून बारावा अर्ज आला. अक्षर तेवढं बाईचं होतं.

 

"जपान-जर्मनीवाले उन्हाळ्याच्या सुट्टीत तरी झाकण उघडं ठेवत असतील. आपणही ठेवावं, ही नम्र विनंती."