तुझी शपथ

मी पडद्यावर गर्दुल्ला झालो, त्याला आता पस्तीस वर्षं झाली. तेव्हा घरी आरशासमोर हात थरथरवायचो, किंचाळायचो. तरी एकदा बघून यावं म्हणून मिरजेच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात गेलो.

तिथे उमाकांत भेटला. ब्राउन शुगर सोडून त्याला चार महिने झाले होते. माझा अभिनय बघून तो पोट धरून हसला.

"असं ओरडलो असतो तर घरचे लगेच सावध झाले असते, साहेब. आम्ही गोड बोलतो. आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी म्हणायचो, 'सोडलं गं, तुझी शपथ.' तेव्हाही पुडी खिशातच असायची."

चित्रीकरणात मी तो प्रसंग तसाच केला, अगदी हळू आवाजात. सिनेमा लागला तेव्हा उमाकांत आईला घेऊन पहिल्या खेळाला आला. लाकडी खुर्च्यांचं ते थिएटर आता राहिलं नाही. तो प्रसंग सुरू झाला आणि उमाकांतने मान खाली घातली.

खेळ सुटल्यावर तो आईला म्हणाला, "तुला फार फसवलं गं मी."

त्या माउलीने त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"कळायचं रे मला. पण दर वेळी वाटायचं, आज खरं बोलत असशील."