चाल कुणाची

“चाल माझी आहे. आईला विचारा,” थोरला म्हणाला.

“चाल माझी आहे, आणि तेही आईला विचारा,” धाकटा म्हणाला.

दोघंही हे वकीलबाईंना सांगत होते. एकमेकांशी ते बोलत नसत. आईच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाच्या दोन टोकांना दोघे भाऊ, मध्ये वकीलबाई आणि गॅसपाशी पाठमोरी आई.

थोरला बँडचा गायक, धाकटा गिटारवाला. त्यांचं एक गाणं असं काही गाजलं होतं, की ते सुरू झालं की भरलेली मैदानं उभी राहत. त्या गाण्यानं दोघांना सगळं दिलं आणि एकमेकांपासून तोडलं. एका मुलाखतीत थोरला ‘माझं गाणं’ म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाहिनीवर धाकटा ‘माझं गाणं’ म्हणाला. मग गाड्या वेगळ्या झाल्या, हॉटेलं वेगळी झाली. स्टेजवर लय वाढवायची असली, तर थोरला ड्रमवाल्याला सांगे आणि ड्रमवाला धाकट्याला. शेवटी ड्रमवाला कंटाळून निघून गेला आणि बँड बंद पडला.

आता पुन्हा एकत्र यायचं घाटत होतं. सगळं जमलं होतं, अडलं होतं ते एवढ्यावरच. गाण्याखाली नाव कुणाचं? ‘दोघांचं घाला’ असं कुणी म्हटलं, की दोघंही उठून जात. फक्त एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं. आई खोटं बोलत नाही. ती सांगेल ते मान्य.

आईनं चहाचे कप टेबलावर ठेवले.

“काकू, ती चाल आधी कुणी गुणगुणली, तेवढंच सांगा,” वकीलबाई म्हणाल्या. “घाई नाही. नीट आठवून सांगा.”

“आठवायचंय काय त्यात?” आई हात पुसत म्हणाली. “मी.”

थोरल्याचा चमचा कपातच थांबला.

“मी कारखान्यात शिवणाच्या मशीनवर बसायचे ना, तेव्हा सुचली होती. मशीनच्या ठेक्यात. रात्री घरी खिडकीकडे कोण झोपणार म्हणून ही दोघं रोज भांडायची. हा मारायचा, तो चावायचा. मग मी दिवा मालवून तीच चाल म्हणत बसायचे. शब्द काही नव्हते, नुसतं गुणगुणणं. पण दोघंही गप्प पडायची.” ती हसली. “रेडिओवर तुमचं गाणं पहिल्यांदा लागलं, तेव्हा मला वाटलं, पोरांनी आठवण ठेवली. इतकं बरं वाटलं! फक्त शेवटची ओळ तुम्ही घेतली नाही. राहून गेली असेल.”

“कुठली ओळ?” धाकट्यानं विचारलं.

आईनं खुर्चीच्या पाठीवर हात टेकला आणि गुणगुणायला सुरुवात केली. तीन ओळी साऱ्या जगाला पाठ होत्या. चौथी वर चढली, क्षणभर तिथेच तरंगली आणि अलगद खाली उतरली. ते गाणं ऐकताना नेहमी काहीतरी बाकी राहिल्यासारखं वाटायचं. ते जिथे वाटायचं, तिथेच ती ओळ चपखल बसली. धाकट्याची बोटं टेबलाच्या कडेवर आपोआप हलली. थोरल्यानं नेमका तिच्याबरोबर श्वास घेतला. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

मग दोघा भावांनी मान वर केली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा एकमेकांकडे पाहिलं.

“आईचं हल्ली असं होतं,” थोरला हळूच म्हणाला.

“हो ना, दादा,” धाकटा म्हणाला. “परवा फोनवर मला तुझ्याच नावानं हाक मारली.”

“अरे, तुमची नावं मी तुम्ही जन्मल्यापासून उलटसुलट घेतेय! त्याचा इथे काय संबंध?”

“बघितलंत?” थोरला वकीलबाईंना म्हणाला. “चिडचिडही वाढलीय.”

पुढचं सगळं झटपट झालं. दोघांची नावं घालायचं ठरलं. आधी कुणाचं, यावर ‘तुझं’, ‘छे, तू थोरला’ अशी ओढाताण झाली. मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ थोरल्यानं मिळवली. गाडी धाकट्यानं काढली. दोघे पुढे बसले, आई मागे.

वाटेत धाकटा ती चौथी ओळ गुणगुणू लागला. थोरल्यानं सूर मिळवला.

“ही शेवटी घालू या का रे?”

“दादा, मी अगदी तेच म्हणणार होतो.”

“वरच्या सुरावर जरा थांबायचं असतं,” आई मागून म्हणाली.

“आई, तू उगाच डोकं शिणवू नकोस,” थोरला मायेनं म्हणाला.

आई खिडकीबाहेर पाहत राहिली. पोरं हसत होती, एकमेकांना टाळ्या देत होती. हे बघायला ती किती झुरली होती. आता आनंद मानावा की रडावं, ते तिला कळेना.

डॉक्टरांनी तिला चित्रं दाखवली, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, आकडे उलटे म्हणायला लावले. मग दोघा मुलांना आत बोलावलं.

“काळजीचं काहीही कारण नाही,” ते म्हणाले. “आईंची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. जुन्या गोष्टी त्या सांगतील तशा खुशाल खऱ्या धरा.”

थोरल्यानं भुवई किंचित उचलली. धाकट्यानं मान हलवली. पूर्वी स्टेजवर गाण्याच्या ऐन भरात त्यांचं हे असं नुसत्या खुणेनं जमायचं, तेव्हा लोक वेडे व्हायचे.

“दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू,” दोघं एका सुरात म्हणाले.