शेवटचा रकाना

कोर्टाच्या भिंतीलगत बसणाऱ्या टायपिस्टने फेटाळलेला अर्ज डोळ्यांजवळ नेला. "हा मीच टाइप केला होता ना?"

"तुम्हीच. मार्चमध्ये," समोरची बाई म्हणाली. "तेव्हा महाराज होते."

"मग मजकुराला हात लावायला नको. मथळा तेवढा बदलू."

त्याने कोरा कागद चढवला. 'महाराजांच्या चरणी'च्या जागी 'माननीय राष्ट्राध्यक्ष' उमटलं. त्याखाली तिच्या नवऱ्याचं नाव, कैदी क्रमांक आणि फाशी रद्द करण्याची विनंती, होती तशीच.

शेजारच्या बाकावर तिची मुलगी गृहपाठ करत होती. राजेशाही गेल्यापासून शाळेत हाच धडा चालू होता. पट्टीने आखलेला तक्ता. वरच्या ओळीत राजा, खालच्या ओळीत राष्ट्राध्यक्ष. बाबा कामासाठी लांब गेलेत, एवढंच तिला माहीत. तिची नजर अर्जावर जाऊ नये म्हणून आईने मध्ये पर्स उभी करून ठेवली होती.

"काका, राजा कसा होतो?"

"जन्माला येऊन."

"आणि राष्ट्राध्यक्ष?"

"दारोदार मतं मागून. त्यात पाय दुखतात."

मुलगी खुदकन हसली. आईने घड्याळ पाहिलं. अर्ज सोमवारच्या आत पोचायला हवा होता.

"महाराजांनी वाचलाच नसेल हो," ती हळूच म्हणाली. "हे तर लोकांतून आलेले. लहान लेकरं आहेत त्यांना, पेपरात फोटो होता. हे वाचतील, नाही का?"

टायपिस्टने टाइपरायटरचा दांडा सरकवून पुढची ओळ घेतली.

"काका, एकच रकाना राहिला. फाशीच्या माफीचा अर्ज आला, तर राजा कोणाचं ऐकतो?"

टायपिस्टने आईकडे पाहिलं. ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

"गृहमंत्र्यांचं, लिही," तो म्हणाला.

"आणि राष्ट्राध्यक्ष?"

त्याची बोटं थांबली. "त्यांनाही गृहमंत्र्यांचंच ऐकावं लागतं, बाळा."

"गृहमंत्री मार्चमध्ये होते तेच आहेत," आई म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं.

तोच शब्द पुन्हा लिहायचा मुलीला कंटाळा आला. खालच्या ओळीत 'गृहमंत्री'च्या खाली तिने 'वरीलप्रमाणे'च्या दोन बारीक रेघा ओढल्या आणि वही मिटली.

"माझं झालं, आई. तुमचं व्हायचंय अजून?"